बटण एका भाषेतलं, विंडो दुसऱ्या भाषेतली

पायथनमध्ये पहिली विंडो उघडली तेव्हा तिच्यात मला एक चित्र दाखवायचं होतं. एका फंक्शनमध्ये चित्राची फाइल वाचली, ती लेबलला, म्हणजे मजकूर किंवा चित्र दाखवणाऱ्या विंडोतल्या घटकाला दिली, लेबल विंडोत बसवलं. प्रोग्रॅम चालवला तर विंडो आली, लेबलची जागाही चित्राच्याच मापाची दिसली, पण आत नुसता रिकामा चौकोन. एरर नाही की इशारा नाही. तोच कोड फंक्शनच्या बाहेर लिहिला की चित्र व्यवस्थित दिसायचं. दोन दिवस मी फाइलचा पाथ आणि चित्राचा फॉरमॅट तपासत बसले. दोष तिथे नव्हताच. तो दोन भाषांच्या मधल्या सांध्यात होता, आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये असा सांधा आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

ते लेबल टीकेइंटर या लायब्ररीचं होतं. टीकेइंटर पायथनबरोबरच येते, त्यामुळे ती पायथनचीच वाटते. प्रत्यक्षात स्क्रीनवर काही काढण्याचं काम ती करत नाही. ते करतं टीके, आणि टीके जन्माला आलं टिकल नावाच्या वेगळ्याच भाषेसाठी. जॉन औस्टरहाउट यांनी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८८ च्या सुमारास टिकल लिहिली आणि नंतर तिच्यासाठी टीके. टीकेइंटरची विंडो उघडली की आपल्या पायथनच्या पोटात टिकलचा एक अख्खा इंटरप्रिटर, म्हणजे टिकलच्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होतो. बटणाचा रंग बदलायची ओळ आपण पायथनमध्ये लिहितो, टीकेइंटर तिची टिकलमधली आज्ञा तयार करते आणि त्या इंटरप्रिटरच्या हाती देते.

आता चित्राचं काय झालं ते बघा. चित्राचे खरे पिक्सेल टीकेकडे असतात. पायथनकडे असतं ते चित्राचं नाव धरून ठेवणारं एक छोटं ऑब्जेक्ट. लेबलला चित्र देताना टीकेपर्यंत फक्त नाव पोचतं. फंक्शन संपलं, लोकल व्हेरिएबल गेलं, या ऑब्जेक्टला आता कोणीच धरलेलं नाही हे पायथनने पाहिलं आणि ते मोडीत काढलं. जाता जाता त्या ऑब्जेक्टने टीकेला कळवलं की हे चित्र पुसून टाक. टीकेने पुसलं. चित्र पुसलं तरी लेबलने आपलं माप राखायचं असा टीकेचा नियम आहे, म्हणून तो रिकामा चौकोन. दोघंही आपापल्या नियमाने वागले. उपाय एका ओळीचा आहे: चित्र त्या लेबलच्याच एखाद्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवून द्यायचं. लेबल आहे तोवर मग पायथन चित्राला हात लावत नाही.

डेस्कटॉपचा इंटरफेस करताना आपण जवळजवळ नेहमीच अशी दुसऱ्या भाषेतली लायब्ररी वापरतो. क्यूट आणि डब्ल्यूएक्सविजेट्स सी प्लस प्लसमध्ये आहेत, जीटीके सी मध्ये. आपण लिहितो पायथन, रस्ट, जावास्क्रिप्ट. मग प्रश्न पडतो की आपल्याच भाषेत ही लायब्ररी नव्याने का लिहू नये?

लिहून बघणाऱ्यांना पहिला धडा शिकवतो तो मजकूर. चौकोन आणि रेघा काढणं अवघड नाही. 'कि' हे अक्षर घ्या. टाइप करताना क आधी येतो आणि वेलांटी नंतर, पण काढायची असते वेलांटी आधी. 'धर्म' मध्ये र् टाइप होतो म च्या आधी आणि दिसतो म च्या डोक्यावर. जोडाक्षरांत तर अक्षरांचे आकारच बदलतात. मजकुराला हे रूप देण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, क्यूटही तिच्यावर अवलंबून आहे आणि जीटीकेही. मजकुरानंतर कर्सर कुठे थांबावा, मराठी कीबोर्डची जुळवाजुळव कशी व्हावी, दृष्टिहीन वापरकर्त्याच्या स्क्रीन रीडरला बटणाचं नाव कसं कळावं, दाट पिक्सेलच्या स्क्रीनवर सगळं किती मोठं दिसावं, हे सगळं उभंच असतं. यामागे कित्येक माणसांची कित्येक वर्षं गेली आहेत. डब्ल्यूएक्सविजेट्सची सुरुवात एडिंबरा विद्यापीठात १९९२ मध्ये झाली. हावार्ड नॉर्ड आणि आयरिक चांबे-एंग या दोघा नॉर्वेजियन प्रोग्रॅमरांच्या क्यूटची पहिली जाहीर आवृत्ती १९९५ ची. जीटीके गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी त्याच दशकात लिहिलं गेलं. हे काम उसनं घेण्यात कमीपणा कसला? मला तर ते कृतज्ञतेने वापरावंसं वाटतं.

पूल कसा बांधतात

दोन भाषा एकमेकींशी थेट बोलत नाहीत. दोघींना येणारी तिसरी बोली लागते, आणि ती बहुतेक वेळा सी ची असते. इथे सी म्हणजे सी मधला कोड नव्हे, तर सी चं फंक्शन मशीनच्या पातळीवर कसं हाकारायचं याचा ठरलेला रिवाज. आजच्या ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवर लिनक्समध्ये फंक्शनला द्यायच्या किमतींपैकी (आर्ग्युमेंट) पहिले ६ पूर्णांक प्रोसेसरच्या आतल्या ठरावीक कप्प्यांत (रजिस्टर) ठेवायचे, विंडोजवर पहिले ४, उत्तर अमुक रजिस्टरमध्ये मिळेल, असे ते नियम. हे पाळले की हाक मारणारा पायथन आहे की रस्ट, याच्याशी त्या फंक्शनला देणंघेणं नसतं.

पायथनमध्ये हा रिवाज सीटाइप्स या मॉड्यूलमधून थेट वापरता येतो. २.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, ते पायथनसोबत मिळतं. लायब्ररीची फाइल उघडायची, नावाने फंक्शन मागायचं, हाक मारायची. सोपं वाटतं, पण एक खड्डा आहे. तयार झालेल्या सी लायब्ररीत फंक्शनचं नाव आणि पत्ता तेवढा उरतो. ते काय घेतं आणि काय परत देतं ही माहिती हेडर फाइलमध्ये असते, आणि सीटाइप्स हेडर वाचत नाही. तुम्ही काही सांगितलं नाही तर उत्तर ३२ बिटी पूर्णांक आहे असं ते धरून चालतं. विंडो बनवणारं फंक्शन मात्र ६४ बिटी पत्ता परत देतं. पत्त्याचा अर्धा भाग गळतो, उरलेला अर्धा पुढच्या फंक्शनला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. कधी कधी पत्ता योगायोगाने लहान असतो आणि सगळं सुरळीत चालतं, मग तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर पडतो. म्हणून प्रत्येक फंक्शनचे आर्ग्युमेंट आणि उत्तराचा प्रकार आधी लिहून द्यायचा. दहा फंक्शनांपुरतं हे जमतं, पण जीटीकेमध्ये ती हजारो आहेत.

सी प्लस प्लसमध्ये तर नावही जसंच्या तसं उरत नाही. एकाच नावाची अनेक फंक्शन्स चालतात, म्हणून कंपायलर क्लासचं नाव आणि आर्ग्युमेंटांचे प्रकार मूळ नावात गुंफून एक लांबलचक नाव बनवतो, आणि मायक्रोसॉफ्टचा कंपायलर ते गुंफतो एका पद्धतीने, जीसीसी दुसऱ्या. एका भाषेतली लायब्ररी दुसऱ्या भाषेतून वापरू देणाऱ्या पुलाला बाइंडिंग म्हणतात. क्यूटची पायथनसाठीची दोन बाइंडिंगं म्हणजे पायक्यूट आणि पायसाइड, आणि त्यांनी यावर काढलेला मार्ग सरळ आहे: सी प्लस प्लसला सी प्लस प्लसनेच हाक मारू द्या. पायक्यूटसाठी सिप नावाचं साधन आहे, पायसाइडसाठी शिबोकेन. ही साधनं क्लासांची वर्णनं वाचून हजारो ओळींचा सी प्लस प्लस कोड तयार करतात, आणि तो कोड एका बाजूने क्यूटशी बोलतो, दुसऱ्या बाजूने पायथनशी.

त्यातली एक करामत मला फार आवडते. क्यूटमध्ये स्वतःचं विजेट, म्हणजे बटणासारखा विंडोतला घटक, काढायचं तर विजेटच्या क्लासवरून नवा क्लास करून त्यातलं रंगवण्याचं फंक्शन आपण नव्याने लिहितो. आपण ते पायथनमध्ये लिहिलं, पण हाक मारणार सी प्लस प्लस, आणि त्याला पायथनचा क्लास दिसत नाही. म्हणून सिप प्रत्येक विजेटमागे सी प्लस प्लसमध्ये एक सावली-क्लास उभा करते. बदलता येण्याजोगं प्रत्येक फंक्शन त्या सावलीत असतं. क्यूटने हाक मारली की सावली आधी पायथनकडे डोकावते: याने हे फंक्शन स्वतः लिहिलंय का? लिहिलं असेल तर पायथनचं चालवते, नाहीतर मूळ क्यूटचं. आपल्याला दिसतो तो साधा वारसा, त्याखाली हे सगळं चालू असतं.

पायक्यूट आणि पायसाइड यांतलं कुठलं घ्यावं असं नवे लोक विचारतात. कोड बराचसा सारखाच असतो, खरा फरक परवान्यात आहे. पायक्यूट जीपीएलखाली (या खुल्या परवान्यात वाटलेल्या प्रोग्रॅमचा कोडही खुला करावा लागतो) किंवा पैसे भरून व्यावसायिक परवान्यावर मिळतं. पायसाइड एलजीपीएल या सैल परवान्याखालीही मिळतं, त्यामुळे आपला कोड खुला न करता प्रोग्रॅम विकायचा असेल तर ते सोयीचं पडतं. हे कामाच्या पहिल्या दिवशी ठरवावं.

जीटीकेने वेगळी वाट धरली, आणि माझ्या मते ती सर्वांत देखणी आहे. सी मध्ये फंक्शन लिहितानाच त्यावरच्या टिप्पणीत ठरावीक खुणा करायच्या: हे आर्ग्युमेंट रिकामं चालेल, ही यादी अमुक प्रकारची आहे, परत दिलेल्या वस्तूची मालकी घेणाऱ्याकडे गेली किंवा ती फक्त बघायला दिली. या खुणांवरून एक वर्णन-फाइल तयार होते. पायथनचं बाइंडिंग ती चालता चालता वाचतं आणि त्या क्षणी पूल बांधतं. रस्टचं बाइंडिंग तीच माहिती आधी वाचून कोड तयार करतं. लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपच्या शेलचा, म्हणजे त्याच्या मुख्य इंटरफेसचा, बराच भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे, तोही याच वर्णनांच्या जोरावर. लायब्ररी लिहिणाऱ्याने एकदा नीट लिहून ठेवलं आणि पुढे कितीतरी भाषांची सोय झाली.

वस्तू कोणाची?

मघाच्या खुणांत मालकीची खूण होती. निम्मी डोकेदुखी तिथलीच असते. पायथन प्रत्येक ऑब्जेक्टला किती जणांनी धरलंय ते मोजतो, आणि मोजणी शून्यावर आली की ते मोडतो. क्यूटचा हिशेब निराळा आहे, तिथे पालक आणि मूल असं नातं असतं. विंडो मोडली की तिच्यातली बटणंही मोडतात, पायथनने त्यांना धरलेलं असो वा नसो.

म्हणून दोन उलट तक्रारी ऐकू येतात. पहिली: फंक्शनमध्ये दुसरी विंडो उघडली, ती क्षणभर चमकली आणि गेली. तिला पालक नव्हता, फंक्शन संपताच पायथनने ती मोडली. दुसरी: बटणाला हात लावला तर मूळ सी प्लस प्लस ऑब्जेक्ट मोडलेलं आहे अशी एरर आली. क्यूटने विंडोसोबत बटण मोडलं होतं, पायथनच्या हातात नुसतं टरफल राहिलं होतं. विजेट बनवतानाच त्याला पालक द्या, किंवा जगवायचं असेल तितका काळ ते स्वतःच्या क्लासमध्ये धरून ठेवा, म्हणजे दोन्ही टळतात.

तिसरा प्रकार जास्त लपून राहतो. पायक्यूटमध्ये बटणाचा सिग्नल, म्हणजे 'मला दाबलं' हा त्याचा निरोप, विंडोच्या मेथडला जोडला तर त्या जोडणीमुळे विंडो अडकून राहत नाही. पण तोच सिग्नल लॅम्डाला, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनला, जोडला आणि त्या लॅम्डात विंडोचा उल्लेख असला, तर क्यूट लॅम्डाला धरतं, लॅम्डा विंडोला धरतो, आणि बंद केलेली विंडो मेमरीतून जात नाही. पायथनचा कचरा उचलणारा गोल फिरणारे संदर्भ ओळखतो, पण या गोलाचा एक तुकडा सी प्लस प्लसमध्ये आहे आणि तिथलं त्याला दिसत नाही. रस्टमध्ये जीटीके वापरताना हाच प्रश्न कोड कंपाइल होण्याआधी समोर येतो: क्लोजरमध्ये (लॅम्डासारखंच रस्टचं फंक्शन) विंडो घट्ट धरायची की सैल, हे लिहावंच लागतं. सुरुवातीला वैताग येतो, नंतर त्याचं मोल कळतं.

लगाम कोणाकडे?

विंडो दाखवली की शेवटच्या ओळीत आपण इव्हेंट लूप सुरू करतो. ती ओळ पायथनची असली तरी तिच्या आत गेल्यावर कारभार सी प्लस प्लसकडे जातो. माउस हलला, कीबोर्डवरची की दाबली, विंडो झाकली गेली, हे सगळं ते ऐकत बसतं, आणि आपण जोडलेलं काही असेल तेव्हाच पायथनला हाक मारतं.

टर्मिनलमधून चालवलेली क्यूटची विंडो कंट्रोल-सी ने बंद होत नाही, हे त्याचंच फळ. पायथन त्या इशाऱ्याची फक्त नोंद ठेवतो आणि पायथनची पुढची आज्ञा चालेल तेव्हा त्यावर काम करतो. लूप सी प्लस प्लसमध्ये फिरत असताना पायथनची पुढची आज्ञा येतच नाही. मग एखादं बटण दाबावं आणि त्याच क्षणी प्रोग्रॅम बंद पडावा असं विचित्र दृश्य दिसतं. दर काही मिलिसेकंदांनी पायथनचं रिकामं फंक्शन चालवणारा टायमर लावला की काम भागतं.

याची दुसरी बाजू म्हणजे गोठलेली विंडो. बटणाला जोडलेल्या फंक्शनमध्ये मोठी फाइल वाचायला घेतली, तर ते परत येईपर्यंत लूप थांबलेला असतो आणि विंडो कशालाच दाद देत नाही. लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, टाका, पण त्या थ्रेडमधून विजेटला हात लावू नका. विजेट मुख्य थ्रेडचीच असतात. हात लावला तर कधी चालतं, कधी रंग अर्धवट राहतात, कधी प्रोग्रॅम पडतो. क्यूटमध्ये सिग्नल पाठवायचा, जीटीकेमध्ये रिकाम्या वेळी चालवायचं काम म्हणून रांगेत ठेवायचं, म्हणजे निरोप मुख्य थ्रेडपर्यंत नीट पोचतो.

एक्सेप्शनचीही हीच गत. आपल्या फंक्शनमध्ये एक्सेप्शन उठलं तर ते वर कुठे जाणार? वर सी प्लस प्लस आहे आणि त्याला पायथनचं एक्सेप्शन कळत नाही. पायक्यूट ५.५ पासून, आपण वेगळी सोय केली नसेल तर, अख्खा प्रोग्रॅम थांबवतं. पायसाइड एरर छापतं आणि पुढे चालत राहतं. एकावरून दुसऱ्यावर जाताना हा फरक आधी माहीत असावा.

एक अक्षर म्हणजे किती?

हा मुद्दा छोटा आहे, पण मराठी मजकुरावर काम करणाऱ्याला तो सर्वांत आधी भेटतो. 'नमस्कार' मध्ये पायथन ७ एकक मोजतो: न, म, स, हलन्त, क, काना आणि र. क्यूट मजकूर यूटीएफ-१६ या साठवण्याच्या पद्धतीत ठेवतं, तिथेही ७ च भरतात. जीटीकेकडे मात्र यूटीएफ-८ ही पद्धत असते, तिथे यातलं प्रत्येक एकक ३ बाइटांचं होऊन शब्द २१ बाइटांचा होतो. जीटीकेखाली मजकुराची मांडणी करणाऱ्या पँगो लायब्ररीला अमुकपासून अमुकपर्यंत ठळक कर असं सांगायचं तर ते स्थान बाइटांत द्यावं लागतं. रोमन लिपीत बाइट आणि अक्षर एकच असल्यामुळे ही चूक झाकून राहते. देवनागरीत ती पहिल्याच शब्दाला उघडी पडते. क्यूटमध्ये इमोजी घोळ घालतात: पायथनला साधा इमोजी १ दिसतो, क्यूटला २, आणि त्या ओळीत इमोजीच्या पुढचं सगळं एका घराने सरकतं.

वेगाबद्दल एवढंच की पूल ओलांडायला थोडा वेळ लागतो, आणि तो लाखो वेळा ओलांडला तरच जाणवतो. क्यूटच्या तक्त्यात १ लाख ओळी असल्या तरी दिसत असलेल्या घरांपुरतीच विचारणा होते, त्यामुळे तक्ता सुरळीत सरकतो. क्रम लावताना गोष्ट बदलते. १ लाख ओळींचा क्रम लावायला साधारण १७ लाख तुलना लागतात, आणि क्यूटने त्या करताना प्रत्येक किंमत तक्त्याला माहिती पुरवणाऱ्या पायथनच्या मॉडेलला विचारली तर विंडो अडकणारच. पायथनच्या यादीचा क्रम पायथनमध्येच लावावा आणि मांडणी बदलली एवढंच क्यूटला कळवावं.

बाइंडिंगच्या माहितीपत्रापेक्षा मूळ लायब्ररीचं माहितीपत्र वाचायची सवय लावून घ्या. सी प्लस प्लस येत नसलं तरी चालतं. तारांकन दिसलं तर तिथे ऑब्जेक्ट द्यायचं आहे एवढं समजायचं. मूळ फंक्शन एखाद्या आर्ग्युमेंटमध्ये उत्तर लिहून परत देत असेल तर पायथनमध्ये ते उत्तर सहसा टपलमधून, म्हणजे अनेक किमती एकत्र बांधलेल्या संचातून, येतं. फाइल निवडायचा डायलॉग पायक्यूट ५ मध्ये फक्त फाइलचं नाव देत नाही, निवडलेला फिल्टरही सोबत देतो. सी प्लस प्लसचं पान उघडलं की त्याचं कारण लगेच दिसतं.

आणि प्रोग्रॅम एक शब्दही न बोलता कोसळला, पायथनची एररसुद्धा आली नाही, तर समजायचं की अपघात पुलापलीकडे झाला आहे. पायथनमध्ये ३.३ पासून फॉल्टहँडलर नावाचं मॉड्यूल आहे. ते प्रोग्रॅमच्या सुरुवातीला चालू करून ठेवलं की कोसळताना प्रत्येक थ्रेडमध्ये पायथनची कुठली ओळ चालू होती ते छापलं जातं. त्या ओळीवर जाऊन मी आधी बघते की तिथे कुठली वस्तू पलीकडे दिली जाते आहे आणि आपल्या बाजूला तिला कोणी धरून ठेवलंय का.